बाळारामचा निळा दगड

गाडीची मागची दोन चाकं उतरवून ब्रेकचे पॅड बदलायला तासभर पुरतो. बाळाराम मिस्त्रीला दोन तास लागत. हा जादा तास हातांना लागत नसे, स्वभावाला लागे. जुने पॅड काढले की ते ज्या खोबणीत बसतात ती खोबण तो तारेच्या ब्रशने घासून लख्ख करी, खाऱ्या हवेने धरलेला गंज बोटांनी चाचपून पाही, ज्या पिनांवर सगळं सरकतं त्यांना ग्रीस लावी आणि मगच नव्या पॅडचं खोकं फोडी. काही गाड्यांचा पॅड दाबणारा मागचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, तो फिरवत फिरवत आत न्यावा लागतो. हे ठाऊक नसलेल्यांनी ठोकून ठोकून बिघडवलेले पिस्टन त्याने एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की तो डबा त्याच्यापुढे खुळखुळ वाजवी.

"ऐकलास? ही सगळी घाई हाय."

काम संपलं की गाडीबरोबर तो एक दगड देई. काळा, पाचरीसारखा घडवलेला आणि वरून निळा रंग दिलेला. त्याचे पैसे घेत नसे. दगड डिकीत ठेवून डिकी लावायची आणि मग ठरलेलं वाक्य म्हणायचं:

"हँडब्रेकला हात लावू नका. खाडीकाठची हवा हाय, रातभर ओढून ठेवलात तर सकाळी चाक सुटायचं न्हाय. हा लावा चाकाखाली."

ते खोटं नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी त्याने दिघीच्या रस्त्यालगत गॅरेज टाकलं, तेव्हा इकडे जुन्या जीपा होत्या. पावसाळ्यात दोन रात्री हँडब्रेक ओढून उभ्या राहिल्या की त्यांचे ब्रेक आतून गंजून धरत, आणि चाक सोडवायला बाळारामलाच बोलवावं लागे. तेव्हापासून दगड. खाडीच्या अलीकडे दिघी आणि पलीकडे आगरदांडा, दोन्ही तीरांवर कुठल्याही उतारावर गाडी उभी दिसली आणि चाकाखाली निळं काही चमकलं, की लोक म्हणत, बाळारामची गाडी.

दगड घडवायला तो बापाकडून शिकला होता. बाप रस्त्याच्या कामावर खडी फोडी. त्या माणसाला मुकादमाने उभ्या जन्मात नावाने हाक मारली नाही; "ए, बौद्धवाडी" एवढंच. बाळाराम मुंबईला गेला, कुर्ल्याच्या एका गॅरेजात अकरा वर्षं गाड्यांखाली झोपला, परत आला आणि पहिल्या कमाईत त्याने पाटी रंगवून घेतली. रंगाऱ्याने विचारलं, गॅरेजचं नाव काय? तो म्हणाला, "माझं. बाळाराम. मोठ्या अक्षरात." ती पाटी तो दर दिवाळीनंतर स्वतः पुसून पुन्हा रंगवी. पाटीवर दुसरं काही लिहिलेलं नव्हतं, फोन नंबरसुद्धा नाही.

म्हणून त्या शुक्रवारी जे झालं, ते त्याला इतकं लागलं.

रचनाबाई पलीकडच्या तीरावरच्या शाळेत शिकवत. रोज सकाळी आपली सतरा वर्षांची रुपेरी गाडी घेऊन त्या दिघीच्या धक्क्यावरून फेरीबोटीत चढत. गाडी सासऱ्यांची, त्यामुळे विकायची नाही असं घरात ठरलेलं, आणि त्यांच्या वेळेपासून ती बाळारामकडेच येई. तिचे मागचे पॅड झिजून लोखंडाला लोखंड घासायला लागलं, तेव्हा बाळारामनेच ते बदलून दिले होते. त्याला जेमतेम आठ दिवस झाले होते.

शुक्रवारी बाई रांगेत उभ्या होत्या, गाडीचं तोंड पाण्याकडे. तिकिटावर गाडीचा नंबर चुकीचा पडला म्हणून खिडकीवरून हाक आली. धक्क्याच्या उतारावर चाकाखाली दगड ठेवायला मनाई होती. मागे कुणीतरी दगड तिथेच टाकून गेला होता आणि एक मोटारसायकलवाला त्यावरून आपटला होता, तेव्हापासून. बाईंनी हँडब्रेक ओढला. हाताला घट्ट लागला. इंजिन चालू, गिअर सुटा, असंच ठेवून त्या उतरल्या. चार पावलं गेल्या असतील नसतील, गाडी हलली.

पुढे भागुबाईचा टब होता, बांगड्यांनी आणि बर्फाने भरलेला. भागुबाई पलीकडे मासळी विकायला जाणारी. नशीब असं की ती तंबाखू मळायला नेमकी बाजूला सरकली होती. गाडीने टब रेटत नेला, धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यावर दाबला आणि मग थांबली. पाणी तिथून दोन हातांवर. उतारभर बांगडे विखुरले आणि कावळे उतरले.

दुपारपर्यंत बातमी दोन्ही तीरांवर पोचली. तिच्यात बांगडे होते, बाई होत्या, आणि सगळ्यांत आधी बाळारामचं नाव होतं.

बाळाराम सायकलवर टांग मारून धक्क्यावर आला, तेव्हा गणराज गाड्यांची रांग लावत होता. बोटीत कुठली गाडी कुठे उभी राहायची हे ठरवणारा हा गणराज. शिट्टी गळ्यात, आणि जीभ शिट्टीपेक्षा जोरात.

"या मिस्त्री! तुमच्या ब्रेकनं गाडी थांबत न्हाय म्हनं. पवायला जाते!"

रांगेतले दोघे-तिघे हसले.

"पायाचा ब्रेक दाबून बघितलास?" बाळाराम म्हणाला. "बाई रोज येतात-जातात. एक दिस तरी गाडी थांबली न्हाय असा झाला? पॅड माझे. पॅड चोख हायत."

"मग गाडी काय वाऱ्यानं गेली?"

"ते मी कसं सांगू? मी व्हतो का हितं?"

"तू नव्हतास, पन तुजा ब्रेक व्हता ना." गणराज जरा जवळ आला आणि आवाज उतरवून, जणू उपकारच करतोय अशा सुरात म्हणाला, "माझं सोड. मी तुला वळखतो. पन लोक बोलतात रे. बौद्धवाडीत गाडी दिली की असंच व्हायचं, म्हनतात."

बाळारामने सायकल खांबाला टेकवली. 

"गेल्या मे महिन्यात चौकातला तो मोठा गॅरेजवाला इंजिनात तेल भरायचं इसरला," तो म्हणाला. "इंजिन जळला. तेव्हा कोन बोलला का, त्याच्या आळीत गाडी दिली की असंच व्हायचं? तो इसरला, म्हंजे तो इसरला. एक मानूस. आनि माझ्या नावावर आला की सगळी वाडी कशी काय येते रे?"

गणराजने शिट्टी तोंडात धरली. मग पुढच्या गाडीला हात केला.

"रविवारी ये सगळ्यांना घेऊन," बाळाराम म्हणाला. "हितंच चाक उतरवतो. जिथं नाव गेला, तिथंच."

घरी तो जेवला नाही. म्हणजे ताटावर बसला, पण भाताचे डोंगर करत राहिला. सखू, त्याची बायको, ते बघत होती. मग म्हणाली, "त्या भातानं काय केला तुमचा?"

"तुला म्हाईत न्हाय काय बोलला तो."

"म्हाईत हाय. नळावर पन तेच बोलत व्हत्या." तिने आमटीची वाटी पुढे सरकवली. "एक विचारू? उघडल्यावर तुमचीच चूक निघाली तर?"

"माझी?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने वाटी परत मागे घेतली.

रविवारी धक्क्यावर पंधरा-वीस माणसं जमली. काही बोटीची वाट बघणारी, काही नुसती बघणारी. भागुबाई आपल्या तडकलेल्या टबावर बूड टेकून, पदर खोचून, पहिल्या रांगेत. रचनाबाई गाडीपाशी उभ्या. शुक्रवारपासून गाडी धक्क्याच्या वरच्या सपाट भागात, उंडीच्या झाडाखाली लावून ठेवली होती. बाळारामने पुढच्या चाकांना दोन निळे दगड लावले, मागच्या चाकाचे बोल्ट सैल केले, जॅक लावला, चाक उतरवलं. चाक त्याने नेहमीसारखं गाडीखाली आडवं सरकवलं. जॅक घसरला तर गाडी माणसावर नको, चाकावर पडावी.

मग पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट काढून त्याने दोन्ही पॅड बाहेर घेतले आणि तळहातांवर धरले, प्रसादासारखे.

"बघा. हात लावून बघा. भागुबाई, तू बघ. कोरे हायत का न्हाय?"

भागुबाईने नखाने खरवडून पाहिलं. "मला काय कलतंय? पन जाड हायत खरं."

"गणराज, तू बघ. एका बाजूनं झिजलेत? तेल लागलंय? पिन अडकलीय?" त्याने पिन बोटाने आतबाहेर करून दाखवली. ती लोण्यातून सुरी जावी तशी सरकत होती. "बोल ना आता. शिट्टी कुठं गेली?"

गणराज पॅडकडे बघत राहिला. "काम सुबक हाय," तो म्हणाला, आणि लोकांत कुजबुज झाली.

दोन दिवसांत पहिल्यांदाच बाळारामच्या छातीवरचं ओझं हललं. इथेच थांबला असता तर चाललं असतं. पण अर्धं काम दाखवून थांबणं त्याला जमणारं नव्हतं. त्याने पॅड परत बसवले, कॅलिपर आवळला, चाक अजून बाहेरच ठेवलं आणि बाईंना पायाचा ब्रेक चार-पाच वेळा दाबायला लावला. पॅडनी मधली लोखंडी डिस्क गच्च धरली. "हा पायाचा. आता हाताचा बघू," तो म्हणाला. या गाडीत हँडब्रेकही मागच्या त्याच पॅडना दाबतो. आतल्या दांड्यापासून प्रत्येक मागच्या चाकाकडे एक केबल येते, ती कॅलिपरमागचा छोटा लोखंडी खटका ओढते, आणि खटका पिस्टनला रेटतो.

"बाई, ओढा."

रचनाबाईंनी आत बसून दांडा ओढला. बाळाराम खाली वाकून खटक्याकडे बघत होता.

"ओढा ना, बाई."

"ओढलाय, काका."

"आनखी ओढा."

"आता दोन्ही हातांनी ओढतेय. घट्ट आहे."

खटका हलला नाही. बाळारामने पाना घेऊन त्यावर हलकेच टकटक केलं. तपकिरी पापुद्रा सुटून खाली पडला. त्याने दुसऱ्या बाजूला जाऊन तेच पाहिलं. तिथेही तेच.

तो गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. बोट लागत होती. तिचं लोखंडी तोंड धक्क्यावर घासलं, तो आवाज त्याच्या दातांत गेला.

त्याला कळलं होतं. केबल आपल्या नळीतच गंजून जाम झाली होती. म्हणून तर दांडा हाताला घट्ट लागत होता आणि चाकापर्यंत काहीच पोचत नव्हतं. कित्येक पावसाळे या किनाऱ्यावर जी वस्तू एकदाही ओढली गेली नाही, ती दुसरं काय करणार होती? आणि आठ दिवसांपूर्वी त्याने त्या खटक्यापासून वीतभर अंतरावर दोन तास काम केलं होतं. खोबण घासली होती, पिनांना ग्रीस लावलं होतं, पिस्टन फिरवत आत नेला होता. खटक्याकडे नजरसुद्धा गेली नव्हती. कारण त्याच्या गॅरेजात हँडब्रेक ही बघायची गोष्टच नव्हती. तो ओढायचा नसतो. दगड आहे ना.

गणराज खांद्यावरून वाकून बघत होता. "केबल गेली म्हन की. मग मिस्त्री, तुजी काय चूक? सतरा वर्षांची गाडी, म्हातारी झाली ती. सुटलास तू!"

"व्हय व्हय, गाडीच जुनी," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनाच आता ते मिटवून बोटीत चढायचं होतं.

बाळाराम उठला. त्याने रचनाबाईंकडे पाहिलं. त्या गाडीतून उतरून दाराला धरून उभ्या होत्या.

"बाई, मी तुम्हाला काय सांगितलेलं? गाडी दिली त्या दिवशी."

त्यांनी डिकीकडे पाहिलं.

"सांगा ना. डिकीत दगड ठेवताना काय बोललो मी?"

"राहू द्या, काका."

"तुम्ही परवाच का न्हाय बोललात? शुक्रवारी, सगळ्यांदेखत?"

"तिथं आधीच पुष्कळ जण बोलत होते," रचनाबाई म्हणाल्या.

बाळारामला आता राग आला तो वेगळाच. शुक्रवारचा राग तोंडावर येत होता. या रागाला बोट दाखवायला दुसरं कुणी सापडत नव्हतं. सुटका समोर उभी होती. गाडी जुनी, केबल गेली, मिस्त्री सुटला. आणि खरं बोललं तर उद्या नळावर, चौकात, पलीकडच्या तीरावर काय बोललं जाईल हेही त्याला ठाऊक होतं. दुसऱ्याची चूक त्याच्यापुरती राहते. बाळारामची चूक वाडीतल्या प्रत्येक घराच्या दारात जाऊन बसणार होती. एवढीसुद्धा चूक करायची मोकळीक त्याला नव्हती, याचाच त्याला सगळ्यांत जास्त संताप आला.

"ऐका," तो म्हणाला. आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "गाडी जुनी हाय म्हनून केबल गेली न्हाय. वापरली न्हाय म्हनून गेली. आनि वापरू नका असं मीच सांगितलं. ह्यांना सांगितलं, तुम्हाला सांगितलं, एकतीस वर्षं सगळ्यांना सांगितलं. जीपच्या वेळचं शहानपन मी ह्या गाड्यांना लावत बसलो. आठ दिवसांआधी चाक उघडलं, तरी बघितलं न्हाय. चूक माझी हाय." त्याने गणराजकडे पाहिलं. "बाळारामची. वाडीची न्हाय. कुठं सांगशील तर नीट सांग."

 गणराजने विनाकारण शिट्टी वाजवली आणि बोटीकडे गेला.

केबल म्हसळ्याला मिळाली नाही. सोमवारी बाळाराम एसटीने माणगावला गेला आणि दोन्ही बाजूंच्या नव्या केबली घेऊन परतला. मंगळवारी सकाळी सातला गाडी धक्क्याच्या उतारावर उभी होती, तोंड पाण्याकडे. खटके त्याने तेलात भिजवून, हलवून हलवून मोकळे केले होते. दांडा पन्नास वेळा ओढून सोडला होता, पॅड आणि डिस्क यांच्यातली फट दांडा ओढूनच भरते म्हणून. त्याचा तळवा लाल झाला होता.

"आता ओढा," तो म्हणाला. "पाय उचला. गिअर काढा."

रचनाबाईंचा पाय उचलेना. "समोर माणसं आहेत, काका."

"मानसं हटतील. गणराज, हटव."

माणसं हटली. भागुबाई मात्र पुढे आली. डोक्यावरचा तडकलेला टब तिने उतरवला आणि गाडीच्या पुढ्यात, बंपरपासून वीतभर अंतरावर ठेवला. आज त्यात मासळी नव्हती.

"आगो, काय करतेस?" गणराज ओरडला.

"गाडीच्या पुढं असू दे ना काहीतरी," ती म्हणाली. "फुटला तर मिस्त्री मला दोन देल. त्याची बायको सांगत व्हती, मानूस घरी जेवत न्हाय, तेवढे पैसे वाचतातच." आणि कमरेवर हात ठेवून बाजूला उभी राहिली.

लोक हसले. बाळाराम हसला नाही. तो चाकाकडे बघत होता.

बाईंनी पाय उचलला. गाडी एका केसाएवढी पुढे झुकली, जशी कुठलीही गाडी ब्रेकवर वजन टाकताना झुकते, आणि तिथेच राहिली. पाणी खाली धक्क्याला चाटत होतं. बाळारामने मनात शंभर मोजले. मग पुन्हा शंभर. गणराजने मध्येच विचारलं, "झाला का?" तर त्याने हात वर करून त्याला गप्प केलं.

"आता झाला," तो अखेर म्हणाला.

भागुबाईने टब उचलला. "तरी एक नवा लागेलच मला. हा तडकलाय तो तडकलाच."

"दुपारी आनून देतो."

रचनाबाईंची गाडी बोटीत चढली. बाळाराम परत गेला नाही. तो रांगेतल्या पुढच्या गाडीशी गेला आणि काचेवर टकटक केली. आत दिघीचाच एक टेम्पोवाला होता.

"हँडब्रेक ओढून दाखव."

"आता? का?"

"ओढ. मग पाय उचल." टेम्पो सरकला. "बघितलास? दुपारी घेऊन ये. पैसे नको. आनि दगड दे."

"कुठला दगड?"

"निळा. माझा. सीटखाली असेल."

टेम्पोवाल्याने वैतागून दगड काढला, पण हातात धरून ठेवला. "मिस्त्री, तूच दिलास ना हा? माझ्या बापाला दिलास, तेव्हा मी शाळेत व्हतो."

"व्हय, मीच दिला," बाळाराम म्हणाला आणि हात पुढे केला. "म्हनून मीच मागतोय."

बोट सुटेपर्यंत त्याच्याजवळ चार दगड जमले. सायकलच्या मागे बांधायला दोरी नव्हती. भागुबाईने तडकलेला टब पुढे केला. तो त्याने कॅरिअरवर ठेवला, त्यात दगड टाकले आणि चढावरून सायकल हाताने ढकलत निघाला. आगरदांड्याच्या बाजूला किती असतील, हा हिशोब त्याला लागत नव्हता. पण संध्याकाळच्या बोटीने पलीकडे जायचं हे त्याने तेवढ्यात ठरवलं होतं.